पॉइंट पाच

४ ऑगस्ट २०१७, सकाळी ८
चांदणीच्या कानात पुन्हा गोचीड. पोटाखालीही. बकरी दिवसभर खुंट्याला अंग घासते, दूध उतरलं. सूनबाई प्रतिक्षाचं म्हणणं, गुरांच्या दवाखान्यात नेऊ, तिथल्या मॅडम वजन करून औषध देतात. बकरीचं वजन! कंपनीच्या दवाखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस घरात आहे आणि बकरी ऑटोत बसवून न्यायची? तसं बोललो. बायको, मंगलाबाई, म्हणाली, "तुमी खिडकीत बसून नावं लिवत होते जी. औषध-गिवषध काही आणू नका." बरं म्हटलं.
खिडकीतून सगळं दिसतं. इंजेक्शनं किती पाहिली याची गणती नाही.
चष्म्याच्या कामाने तुमसरला जातो आहे, असं सांगायचं.

दुपारी ४
बाटली आणली, गोचीड-जंत दोन्हींवरच्या इंजेक्शनची. दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी मागितली. म्हटलं, मी दवाखान्यातलाच. यात खोटं काही नाही. बकरी केवढी, विचारलं. पंचवीसेक किलो सांगितलं, अंदाज माझा पक्का असतो. तो म्हणाला, चामडीखाली द्या, पॉइंट पाच. बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं. चुकतात ते लिहून न घेणारे.

५ ऑगस्ट, सकाळी १०.३०
प्रतिक्षा अंगणवाडीत नात खुशबूला सोडायला गेली, मंगलाबाई नळावर. योग्य वेळ.
तिकीट पाहून इंजेक्शन दिलं. ५ एमएल. सिरिंज काठोकाठ. जरा जास्त वाटलं, पण चांदणी अंगाने धडधाकट आहे. सुई काढताना तिने झटका दिला आणि सुई माझ्या डाव्या अंगठ्यात. किंचित. घाबरलो नाही. खाली बसलो ते पाय दुखत होते म्हणून.
अंगठा पायजम्याला पुसला. मंगलाबाईला बाभळीचा काटा सांगितला. गोचीड गळून पडले की मगच घरात जाहीर करायचं.

दुपारी २
अंगठा सुजला. बाटलीसोबतचा कागद उघडला. अक्षरं मुंगीएवढी. पहिलीच ओळ वाचता आली: माणसासाठी नाही. कागद घडी करून शर्टच्या खिशात ठेवला. जास्त वाचल्याने बीपी वाढतं.

संध्याकाळी ६
नाडी ९६. दहा मिनिटांनी १०४. मोजणं बंद.
मंगलाबाईने विचारलं, घाम काहून येऊन राहिला? उकडते, म्हटलं. पंखा चालू होता.

६ ऑगस्ट, सकाळी ९
जिवंत आहे. याचा अर्थ धोका टळला.
चांदणीच्या तोंडातून लाळ गळते. चालताना मागचे पाय एकमेकांत अडकतात. औषध लागू पडत असावं. आतले जंत मरताना धडपडत असतील, त्याने बकरी हलत असेल.
धीर करून कागद पुढे वाचला. भिंग लावून. सुई टोचल्यास साबण-पाण्याने धुवावं, डॉक्टरांना दाखवावं. धुतलं नव्हतं. आता धुतलं. तेवीस तास उशिरा, पण साबण जास्त लावला.
त्याखालची ओळ: दूध माणसांच्या पिण्यात असेल अशा जनावरास देऊ नये.
ही ओळ चार वेळा वाचली.
खुशबूला गाईचं दूध सोसत नाही, जुलाब होतात. म्हणूनच माझ्या मुलाने, अतुलने, ही बकरी घेतली. पोर तीन वर्षांची. काल संध्याकाळी वाटीभर प्यायली, आज सकाळी वाटीभर. सकाळी माझ्याच मांडीवर बसून प्यायली.
उकळल्यावर औषध मरत असावं. कागदात तसं कुठे लिहिलेलं नाही. पण कागदात सगळंच लिहीत नाहीत.

दुपारी १
सांगणार होतो. प्रतिक्षा समोर बसून तांदूळ निवडत होती. तोंड उघडलं आणि विचारलं, आज भाजी काय? ती म्हणाली, सांगितलं नं मामाजी, लाल भोपळा. त्याआधी दोनदा विचारलं होतं म्हणे.

संध्याकाळी ६.३०
दुधाचं भांडं माझ्या हातून सांडलं. चांगलं सांडलं, थेंब उरला नाही. मंगलाबाई: "दिसत नाही का जी? पोरगी आता काय पेईन?" पोरगी रडली. मी दोन पुडे बिस्किटं आणली. मग आठवलं, दुपारचा माझा चहा त्याच दुधाचा होता. आता आम्ही दोघंही त्यात आहोत, मी आणि खुशबू. यात कसला धीर आहे माहीत नाही, पण थोडा वाटला.

७ ऑगस्ट, सकाळी ७
पक्की योजना: रोज सर्वांच्या आधी उठून मीच दूध काढायचं, नालीत ओतायचं, बकरी आटली म्हणायचं. आठ-दहा दिवसांत प्रकरण आपोआप संपेल. कोणाला काही सांगायची गरज नाही.
पहिल्याच दिवशी प्रतिक्षाने नालीजवळ पकडलं. भांडं हातात, नाली पांढरी. तोंडातून निघालं, चांदणीला नजर लागली, हे दूध चांगलं नाही.
मी! बुद्धविहारात दर वर्षी अंधश्रद्धेवर भाषण देणारा! प्रतिक्षाने भांडं माझ्या हातून घेतलं. मग हळू विचारलं, "मामाजी, तुमी तिले काय देल्लं?"
कडुनिंबाचा पाला, म्हटलं.
ती चुलीकडे गेली. खुशबूला पेज केली. म्हणजे दूध बंद झालं. म्हणजे योजना यशस्वी.

संध्याकाळी ५
चांदणी बसली ती उठत नाही. डोळ्यांपुढे हात फिरवला तरी पापणी हलत नाही. उद्या ठीक होईल. न झाल्यास परवा मॅडमना दाखवू. काय झालं विचारलं तर पाल्याचंच सांगू.

८ ऑगस्ट, दुपारी ४. सरकारी दवाखान्याच्या बाकावर
वही गुडघ्यावर आहे म्हणून अक्षर असं.
खुशबू जेवून झोपली होती. दोन तास झाले. हाक मारली, उठली नाही. हलवलं, मान एका बाजूला पडली, तोंडातून थोडी लाळ. चांदणीसारखी. मग काय केलं ते नीट आठवत नाही. अंगणात उभा राहून ओरडत होतो. इंजेक्शन, सुई, दूध, कागद, सगळं. शेजारच्या ललिताबाई कुंपणाशी आल्या, नळावरच्या बायका आल्या. सगळ्यांसमोर सांगितलं. प्रतिक्षाने पोरीला उचललं, स्कूटीवर पुढे घेतलं, मला म्हणाली, "बाटली घ्या. कागद घ्या. बसा मागं." तिच्या खांद्याला धरायची हिंमत झाली नाही. स्टँड पकडून बसलो.
दवाखान्याच्या पायऱ्यांवर खुशबू जागी झाली आणि बिस्कीट मागितलं.

संध्याकाळी ७, घरी
डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी पोरीला तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारली, चालवून पाहिलं. म्हणाले, झोपच होती, थोडी सर्दी आहे. दोन वाट्यांतून काय गेलं असेल ते फारच थोडं, पण दोन-तीन दिवस लक्ष ठेवा, सुस्त वाटली तर लगेच आणा, आणि त्या दुधाचा थेंब नको. मग विचारलं, बकरीला किती दिलं?
पाच, म्हटलं. तिकीट दाखवलं. प्रतिक्षाने ते उजेडाकडे धरलं. म्हणाली, "मामाजी, इथं टिंब आहे."
टिंब होतं. माझ्याच हातचं. मला कागदावरची घाण वाटली होती.
नंतर माझा अंगठा. डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांत काही झालं नाही तर आता काळजी नको, पण धनुर्वाताची सुई घ्या. नर्सबाईने सुई उचलली. पुढचं प्रतिक्षाने सांगितलं, की मी आडवा झालो आणि खुशबू "आबा झोपले" म्हणाली.

९ ऑगस्ट
गुरांच्या दवाखान्यातल्या मॅडम घरी आल्या. आज पाला म्हटलं नाही. सगळं खरं सांगितलं, टिंबासकट. दहापट डोस. याच्यावर उतारा नाही म्हणाल्या, अंगातून आपोआप निघेपर्यंत सांभाळायचं. सलाइन लावलं. सावलीत ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला, तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जाईल. मी सांगेपर्यंत दूध फेकायचं, बकरी कोणी कापायला मागितली तरी द्यायची नाही.
रागावल्या नाहीत. जाताना विचारलं, "आणली काहून नाही आमच्याकडं? वजन करायला पाच मिनिटं लागतात."
एकतीस वर्षांचं सांगणार होतो. सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

१० ऑगस्ट
अंगणवाडीत आज पोरांना जंताची गोळी होती. खुशबूला पाठवलं नाही, अजून लक्ष ठेवायचं आहे. ती अंगणभर धावते. मी दर वेळी मोजतो, पाय सरळ पडतात का.
चांदणीची कूस सकाळपासून पाचदा बदलली. तिच्या पोटावर हात ठेवला की हाताला श्वास जाणवतो. काढून घेतला की वाटतं, थांबला. म्हणून हात ठेवूनच बसलो. मंगलाबाई चहा तिथेच ठेवून गेली. काळा.

११ ऑगस्ट
फरक नाही. अतुल फोनवर काही बोलला नाही, नुसतं हो-हो केलं. टिपर ट्रकवर ड्यूटीला होता. आवाजामुळे असेल.
आवाज नव्हता मागे.

१३ ऑगस्ट, सकाळी ८
चांदणी उठली. पुढचे पाय आधी, मग पडली, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी उभी राहिली आणि माझ्या बनियनची कड चघळली. मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. मंगलाबाईने डोळे पुसले. खुशबूने टाळ्या वाजवल्या. प्रतिक्षा दारात उभी राहून पाहून आत गेली.
हळूहळू सगळं पहिल्यासारखं होईल. एक-दोन दिवस.

१७ ऑगस्ट
जंताची गोळी राहिलेल्या पोरांसाठी अंगणवाडीच्या सुलोचनाबाई घरी आल्या. खुशबू माझ्या मांडीवर होती. सुलोचनाबाईने सवयीने गोळी माझ्यापुढे केली, म्हणाल्या, तीन वर्षांच्या पोराले एक, चावून खाऊ द्या. मी हात पुढे केला.
प्रतिक्षाने गोळी मधेच घेतली. पाकिटावरचं सगळं वाचलं, तारीख पाहिली, सुलोचनाबाईला पुन्हा विचारलं. मग खुशबूला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. अजिबात जोरात नाही. म्हणाली, "मामाजी, हिचं औषध मी देत जाईन. तुमी हात नका लावू."
बरं म्हटलं.
सुलोचनाबाईने वहीत नाव लिहिलं आणि पुढच्या घरी गेल्या. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.