करंगळीएवढं कुंकू

बाबा, काकांचा ओळंबा कालपासून तिरपा लटकतो आहे. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, खिळा हलवून पाहिला. शेवटी दुसऱ्या दोरीला किल्ली बांधून शेजारीच सोडली. ती सरळ. हा मात्र चांगला दोन बोटं सरकलेला, कोणी खालून धरून ठेवल्यासारखा. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. पोराला फोनवर सांगावं तर तो लगेच "मम्मी, डॉक्टर को दिखाते हैं" म्हणेल. म्हणून तुम्हाला लिहिते.

माझ्या लहानपणी, पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा, भिलाई म्हणजे टिनाच्या खोल्या आणि लाल धूळ. दिवसभर जमिनीत खांब ठोकणं चालायचं, आईच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. तुम्ही लोखंडी कॉलम उभे करणाऱ्या गँगचे फोरमन. आणि मी ज्यांना काका म्हणायची ते तुमचे दोस्त म्हणजे तुमचे डोळे, कॉलम सरळ की नाही ते त्यांच्या पितळी ओळंब्यावरून ठरायचं. माणूस आपल्याच अमरावतीकडचा, बोली आपलीच, फक्त ख्रिस्ती. रविवारी त्यांच्या खोलीत चार घरची माणसं गाणी म्हणायला बसत, आई त्यांना आपली चटई द्यायची. कोणी कुरकुरलं की तुम्ही फटकन म्हणायचे, "तो त्याच्या देवाले हाक मारते, तुह्या कानाले कावून दुखते बे?" मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी शेजारच्या गँगचा एक माणूस वरून पडून दगावला. सगळे धास्तावलेले. खंडेनवमीला गँगची सगळी हत्यारं आपल्या अंगणात मांडली, नट आवळायचे पाने, हातोडे, साखळ्या, वर झेंडूची फुलं. आई कुंकू कालवते आहे, उदबत्तीचा धूर आहे, आणि काका ओळंबा हातात घेऊन उभे आहेत. "दादा, फराळाले बसतो. उद्या सोनंही घेतो. पण याले कुंकू नोका लावू. सकाळीच माह्या देवापुढं ठेवून आलो." मग एक जण बोलला, "एक हत्यार पूजेबिना वर गेलं तर भोगाचं कोणाले? आमालेच ना?" तुम्ही उठून उभे राहिले. "त्याचं हत्यार, त्याचा देव. कोणी हात लावणार नाई. हा माहा शब्द." काकांनी ओळंबा ओसरीच्या खिळ्याला टांगला आणि निश्चिंत जेवायला बसले.

मी नऊ वर्षांची. माझ्या कानात तुमचा शब्द शिरलाच नाही, शिरलं ते "भोगाचं कोणाले". दसरा झाला की तुम्हीच वर चढणार होते. सगळे पानावर बसलेले पाहून मी करंगळी कुंकवात बुडवली आणि ओळंब्याच्या पोटाला टेकवली. बोट काढलं तसा तो हळूहळू गोल फिरायला लागला. त्या दिवशी ठोकणं बंद होतं, वारा नव्हता. तो फिरतच राहिला, आणि मी पळत आईला जाऊन चिकटले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी काका आले, त्यांनी ओळंबा तुमच्या तळहातावर ठेवला. "दादा, शब्द देला होता तुमी." तुम्ही तो उलटा करून पाहिला. लाल ठसा माझ्या करंगळीएवढा. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, फक्त हाताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मीच लावलं. भेव वाटलं." काकांनी ओळंबा तुमच्या हातून परत घेतला. "सांगून केलं असतं तर भांडलो असतो. तुमी तर चोरून केलं." ओळंबा त्याच खिळ्याला टांगून ते गेले. आधी दुसऱ्या गँगमध्ये, मग भिलाई सोडूनच. तुमच्या जिवाचा एकुलता एक दोस्त, बाबा! आणि मला तुम्ही कधी एक अक्षर बोलले नाही. त्यापेक्षा दोन थापडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईनं चिंचेनं घासघास घासलं. पितळ लखलखलं, ठसा तसाच राहिला, आजही आहे. क्वार्टरमागून क्वार्टर बदलले, ओळंबा माझ्याबरोबर आला. रविवारी सकाळी तो आपला आपण जरासा डोलतो. आधी मी खोलीबाहेर पळायची. पुढं सवय झाली. चला, काका प्रार्थनेला बसले, असं म्हणून मी चहा ठेवायची.

काल दोघं जण आले. चांगले नम्र, "आंटी आंटी" करणारे. आपल्या गल्लीच्या टोकाला एक नर्स राहते, तिच्या घरी रविवारी आठ-दहा माणसं प्रार्थनेला जमतात. ते बंद करावं म्हणून अर्ज होता. "बस एक साइन." त्रास कसला, विचाराल तर काही नाही. मला तापात इंजेक्शन द्यायला हीच बाई भर उन्हात चालत यायची. तुमचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. कावून दुखते बे, एवढंच म्हणायचं होतं. पण मनात आलं, मी एकटी, उद्या यांच्यातच राहायचं आहे. आणि पेन हातात घेतला.

कागद अजून त्यांच्यातल्या एकाच्या, कोपऱ्यावरच्या घरीच आहे. चप्पल घालून गेलं तर पाच मिनिटांत नाव खोडून येता येईल. सकाळपासून हेच लिहीत बसले आहे, उठलेली नाही. खुर्ची दोनदा हलवली, बाबा. मी जिकडे बसते, ओळंबा तिकडे झुकतो.

सही मीच केली. आता "मीच केलं" म्हणून पुढं होणारं घरात दुसरं कोणी नाही.