शेवटच्या वाक्याची जागा

क्रॅगथॉर्प, १२ मे १९५२

प्रिय नेली,

तुझी कॅनडाची पेटी बुधवारी पोचली. पीचचे दोन डबे, एक पौंड बेदाणे, डबाबंद मांस आणि निळी लोकर, सगळं शाबूत. टपालाला चार डॉलर कशाला घातलेस, रेशन असलं तरी आता इथेही हळूहळू मिळू लागलंय. त्याच दिवशी लीड्सहून नाटकाचे कपडे आले: जांभळा मखमली झगा आणि पिसांचा टोप, भाडं आठवड्याला बारा शिलिंग. महिन्यापूर्वी पिकर्सगिल बाईंच्या इतकी वर्षं बंद असलेल्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, तिथे त्यांच्या गाण्याची तबकडी सहा पेन्सला मिळाली. नाट्यमंडळाची खजिनदार मी, म्हणून ती मीच उचलली. स्वस्त पडली असं तेव्हा वाटलं.

हो, त्याच पिकर्सगिल बाई, ज्यांच्या गाण्याला तू नऊ वर्षं पियानोवर साथ केलीस. दर वसंतात चॅपलचं सभागृह भाड्यानं घेऊन बेसूर गायच्या आणि अख्खं गाव हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबून ऐकायचं. शाळेच्या ओल्डरॉइड मास्तरांनी त्यांच्यावर विनोदी नाटक लिहिलंय. चोवीस तारखेला चॅपलच्या सभागृहात पहिला प्रयोग. बाईंचं काम तुझ्या भाचीला, आपल्या म्यूरिएलला दिलंय. तू गेलीस तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता चॅपलच्या गायकवृंदात तिच्याइतका स्वच्छ गळा कुणाचा नाही. सत्तावीसला मँचेस्टरला संगीत विद्यालयाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. ती मिळाली तरच पोरीला शिकता येईल, गिरणीत राबणाऱ्या बापाच्या, विल्फच्या, पगारात ते बसत नाही. अडचण एवढीच निघाली की तिला वाईट गाताच येईना. मास्तर वैतागून म्हणाले, पोरी, जरा बेसूर हो की, तुझं ऐकून लोक डोळे पुसतील, मला त्यांना हसवायचंय. म्हणून मी तिला तबकडी लावून दिली. हे माझं करणं आहे नेली, दुसऱ्या कुणाचं नाही.

तीन दिवसांत तिनं सगळं उचललं. क्लारा सटक्लिफ पियानोवर असते, ती मला म्हणाली, एडना, तुझी लेक गायला लागली की मला वाद्य टाकून पळावंसं वाटतं, आणि हे मी कौतुकानं सांगतेय हं. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, देव मला क्षमा करो. मग रविवारी चॅपलमध्ये दुसऱ्या स्तोत्राचं एकटीनं गायचं कडवं म्यूरिएलनं उचललं, आणि गळ्यातून निघाला तो साठीच्या पिकर्सगिल बाईंचा आवाज. वरचा सूर तसाच हुकला, तसाच कापत लांबत गेला. मागच्या बाकांवर रुमाल निघाले, खांदे हलू लागले. घरी येताना मी तिला विचारलं, बाळ, गळा बसलाय का तुझा? ती म्हणाली, काय बोलतेस आई, इतकं सुरेल मी जन्मात गायले नव्हते. तिचा चेहरा नुसता उजळला होता. तसा बाईंचा चेहरा तू नऊ वर्षं पियानोवरून पाहिलायस.

सोमवारी ती तबकडी मी शेगडीत घातली. विल्फ म्हणाला, अगं, पोरगी भूमिकेत शिरलीय, प्रयोग झाला की येईल बाहेर, तू कशाला जीव टांगणीला लावतेस? पण त्या तबकडीवर दोनच गाणी होती. गुरुवारी सकाळी पीठ मळता मळता म्यूरिएल तिसरं गाऊ लागली, बाई ज्यानं कार्यक्रम संपवायच्या ते. त्याची तबकडी कधी निघाली नाही, आणि त्याच्या स्वरलिपीचा कागद तुझ्याबरोबर कॅनडाला गेला. मधेच ती थांबली. पिठानं भरलेला हात वर धरून किंचित डावीकडे वळली, तू मागे पडलीस की बाई थांबायच्या तशी. तिथे आमच्या कोळशाच्या कपाटाखेरीज काही नाही. मी रोज गुडघे टेकते, पण प्रार्थना अर्ध्यावर आली की कान तिच्या खोलीकडे जातात.

आता खरं ते लिहिते. नाटकवाल्यांची रीत तुला ठाऊक आहे, पहिल्या प्रयोगाआधी नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कुणी उच्चारायचं नाही. मी चॅपलला जाणारी श्रद्धाळू बाई, शकुन-अपशकुन मानत नाही, पण मंडळाची रीत म्हणून पाळते. त्या जागी म्यूरिएलनं नुसतं उभं राहायचं, मनात चार आकडे मोजायचे, की पडदा. मी प्रॉम्प्टर, वही घेऊन विंगेत असते. 'उद्या पुन्हा गाईन' हे वाक्य माझ्या डोळ्यांसमोर असतं. गेल्या मंगळवारी त्या जागी तिचे ओठ हलले. गुरुवारी कुजबुज ऐकू आली. मास्तर म्हणाले, अगं, आकडे मनात मोज. शनिवारी दुपारी मात्र ती स्वच्छ बोलली, आणि ते वहीतलं नव्हतं. दर तालमीला दिवे लावून, सगळे गप्प राहून, ती जागा आम्हीच मोकळी ठेवत होतो.

ती म्हणाली, "नेली, ते हसत होते का?"

क्लाराकडे तिनं पाहिलंही नाही. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिथे पूर्वी पियानो असायचा, हे म्यूरिएलला कोण सांगणार? चौदा वर्षांपूर्वी त्या शेवटच्या कार्यक्रमानंतर तू घरी आलीस, कोट खुंटीला लावलास आणि न जेवता झोपलीस. आठव्या दिवशी बाई वारल्या. पुढच्या महिन्यात तू कॅनडाच्या बोटीत बसलीस. काम गेलं म्हणून जातेस असं मी धरून चालले, आणि कधी विचारलं नाही. आता कळतंय की त्यांनी तुला काही तरी विचारलं होतं आणि तू उत्तर न देता निघून आलीस. शनिवारी मी विंगेतून म्हणाले, नाही हो बाई, कुणी हसलं नाही. म्यूरिएलनं माझ्याकडे न बघता मान हलवली, लहान मूल मधे बोलल्यावर हलवतात तशी, आणि वाट पाहत उभी राहिली. पडदा पाडला तरी मागे ती तशीच उभी होती.

माझ्या तोंडचं उत्तर बाईंना चालत नाही, नेली. त्या दिवशी तू जे सांगितलं असतंस ते लिही. हो असेल तर हो लिही. बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, त्या ओळखतील. तेवीसला शेवटची तालीम आहे, त्या जागी मी ते मोठ्यानं वाचेन. सत्तावीसला माझ्या लेकीला तिच्या स्वतःच्या आवाजात गायचंय. दोन ओळी पुरतील, पण तुझ्या हस्ताक्षरात असू देत. विमानाच्या टपालानं, उलट टपाली पाठव.

तुझीच,
एडना