हात वर करण्याबाबत

ती. सौ. ताईस,

सप्तांग नमस्कार. (एरवी साष्टांग घातला असता, पण आठवं अंग, म्हणजे उजवा खांदा, अजून दुरुस्तीत आहे.) तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला आटोक्यात असेल अशी आशा करतो. आप्पांची तब्येत विचारत नाही, कारण ती तू चार पानं भरून कळवलीच आहेस. तीन महिन्यांत त्यांची दाढी गळ्याखाली उतरली, तुमच्या गल्लीतल्या न्हाव्याला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं, आणि कात्री लावील तर माझा मुलगाच, असं म्हणून ते अडून बसलेत, हे सगळं वाचलं. शेवटी मलाच सुनावतेस, "तू मात्र नेहमीप्रमाणे हात वर केलेस." अगं, गेले तीन महिने मी दुसरं काय करतोय? हात वर करायचाच प्रयत्न चाललाय, आणि तो होत नाही!

दुकानाचं अडकलेलं शटर मी एका झटक्यात ओढायला गेलो आणि शटरऐवजी माझा खांदा निसटला, हे तुला माहीत आहेच. डॉक्टरांनी आतला तुटलेला दोर शिवला, सहा आठवडे हात झोळीत ठेवला आणि मग मला हवालदारीणबाईंच्या ताब्यात दिलं. (त्या दर गुरुवारी घरी येऊन व्यायाम करून घेतात. नाव तुझ्या भावजयीने ठेवलंय, माझ्यावर ढकलू नकोस.) तीस वर्षं मी लोकांना मान खाली घाला, हलू नका, असं दरडावत आलो, त्याची आता सव्याज फेड चालली आहे. आधी वाकून हात नुसता लोंबता ठेवायचा आणि झुलवायचा. मग दोन्ही हातांत काठी धरून धडक्या हाताने नाठाळ हाताला वर न्यायचं. (आपल्या घरात तू आणि मी असेच वाढलो.) एकदा उत्साहाच्या भरात दहाच्या जागी साठ वेळा केलं, तर बाई म्हणाल्या, "टाके उसवायचेत का?" त्यानंतर आठवडाभर माझी रवानगी पुन्हा झुलवण्यावर झाली.

आता भिंत आली आहे. भिंतीकडे तोंड करून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलची खूण करायची. कुठवर पोचायचंय तिथे आधीच लाल रेघ मारा, असं बाईंनी सांगितलं. इतर पेशंट म्हणे कपाटाचा वरचा कप्पा गाठायचं ठरवतात. मी पट्टी घेऊन, मोजूनमापून रेघ मारली. बाई म्हणाल्या, "एवढीच? ही तर तुमच्या हनुवटीलाही येत नाही." मी म्हटलं, मला पुरे.

मागच्या गुरुवारी मुंगी एकदम दोन बोटं वर चढली. बाई खूश झाल्या, मी त्याहून खूश. मग त्यांची नजर खाली गेली. मी जाड तळाच्या चपला घातल्या होत्या. (फरशी गार लागते.) चपला काढल्या तशी प्रगतीही उतरली, आणि तुझी भावजय हसून हसून खाली बसली. तेव्हा मी हात वर केलेत असं पुन्हा म्हणू नकोस, डॉक्टरांचा कागद पाठवीन.

तुझा,
सध्या सगळं एकहाती सांभाळणारा
भाऊ

ता. क. रेघ कसली ते बाईंना सांगितलं नाही, तुला सांगतो. दुकानातल्या खुर्चीत आप्पा ताठ बसले की त्यांचा माथा बरोबर तिथे येतो. मी धंदा शिकलो तेव्हा पहिलं डोकं त्यांनीच पुढे केलं होतं. कानाला कात्री लागली तरी हलले नव्हते. मला त्यांची फार आठवण येते गं. रविवारी त्यांना पाठव, आणि कपडे जास्त दे. राहू देत माझ्याकडे.

ता. क. दुसरा. काल बोटं रेघेला टेकली. अनवाणी.

ता. क. तिसरा. अनवाणी खरं, पण टाचा उचलून. आप्पांना म्हणावं, खुर्चीत जरा घसरून बसा.