भलरीतला थांबा

चि. माधवीस, थोरल्या भावाचे आशीर्वाद.

प्रथम तक्रार. परवा तुझ्या पुण्याच्या मैफलीत मध्यंतराला बिनसाखरेचा चहा मिळाला. कोऱ्हाळ्यासारख्या उसाच्या गावाहून आलेल्या पाहुण्यांचा असा अपमान कोणत्याही शास्त्रात क्षम्य नाही.

बाकी आपल्या आप्पांची, ज्वारी कापताना गायची भलरी तू व्हायोलिनवर सुरेख बसवलीस. गेल्या सुगीत त्यांच्याकडून गाऊन घेतलीस, तशीच्या तशी. ओळीच्या मध्ये आप्पा जिथं थांबले होते, तिथं तूही सगळी वाद्यं थांबवलीस. लोकांनी त्या शांततेला दाद दिली. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या मलाही तो वृत्तातला यतीच, म्हणजे ओळीतला ठरलेला विराम वाटला.

शेजारी बसलेल्या आप्पांनी मात्र माझं मनगट धरलं. "भलरीत म्होरक्या थांबत न्हाय रं. त्यो थांबला तर समद्यांचं विळं थांबत्यात."

"मग तुम्ही का थांबलात?"

"दम पुरत नव्हता. पोरीला वाटलं, गाणंच तसं हाय. सांगू नगंस तिला, लई जीव लावून बशिवलंय."

सोमवारी त्यांना बारामतीला दाखवलं. फुफ्फुसं आकसत चाललीत, इलाज नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "मास्तर, आता ह्येच संस्कृतात सांगा."

त्यांना शब्द दिलाय, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. पण माधवी, पुढच्या सुगीला आप्पा असतील असं मला वाटत नाही, आणि तुला काही कळायच्या आत ते गेले तर, याची मला भीती वाटते.

तुझा,
विजयदादा