वेगळा पेला

३ मार्च, भिंगार

आले एकदाची! खोली झकास आहे. मोठी खिडकी, टेबल, चालणारा नळ. घरमालक गनीभाई रिक्षांच्या गाद्या शिवतात. त्यांच्या बायकोने, हाजराबीने, स्वतःचा रोजा असूनही मला आधी चहा पाजला.

जिभेवरची गाठ सुपारीएवढी आहे. नगरच्या दवाखान्यातला डॉ. नॅथन पाचवीत माझा विद्यार्थी होता. अक्षर अजून तितकंच गलिच्छ. त्याने नवा प्रयोग समजावला. दुबळ्या केलेल्या विषाणूत एक जनुक भरून ते गाठीत टोचायचं. मग किरणांनी झालेली इजा गाठीला भरून काढता येत नाही. थोड्या शेकातही ती मरते. पोरगं शिकलं म्हणायचं.

६ मार्च

पहिली सुई झाली. नॅथनने कागद हातात दिला : महिनाभर पेला-ताट वेगळं ठेवा, विषाणू थुंकीतून पसरू शकतो. संताप आला. माझ्या आजीचा पेला पाथर्डीच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेला असायचा. पिऊन झालं की तिनेच विसळून परत टांगायचा. त्यासाठी का आम्ही चार पिढ्या शिकलो? कागद फाडला. घरात कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी रोजा सोडताना हाजराबीने सरबत पुढे केलं. अर्धं मी प्यायले, उरलेलं तिने. बरं वाटलं.

१८ मार्च

रोज तीच रिक्षा, तोच बाक, तोच शेक. जिना चढताना दोनदा बसावं लागतं. पण गाठ मुगाएवढी उरली. तोंड मात्र आतून सोलल्यासारखं. गनीभाई म्हणाले, टीचरबाई बोलत नाहीत म्हणून भिंगारात शांतता आहे. हाजराबीने त्यांना लाटणं दाखवलं.

२२ मार्च

परवा दातवाल्या डॉक्टरने हाजराबीच्या दाढेचा एक्स-रे फोटो काढला. आज गालावर काळा डाग. चौकोनी. कडा पट्टीने आखल्यासारख्या. ती म्हणते, "उन्हानं झालं आसंल, टीचरबाई." उन्हाला कोपरे नसतात.

२५ मार्च

डाग फुटला. भोकातून दाढ दिसते.

नॅथनला विचारलं, समजा कुणी माझं उष्टं प्यायलं तर? त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, विषाणू त्या माणसात वाढला, तर साधा एक्स-रे फोटोसुद्धा त्याला भाजून काढेल. कोण प्यायलं, असं तीनदा विचारलं.

कुणी नाही, म्हणाले. खरं सांगितलं तर माझा शेक थांबेल. आता, मुगाएवढी उरली असताना.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी हे असं खोटं बोलणं शिकवलं नव्हतं.

२८ मार्च

जीभ सुजून टाळूला लागली. शब्द निघत नाही. निदान लिहून द्यावं म्हणून बसले. 'हाजराबी, तो पेला' इतकं लिहून — थकले.

तीच मला पेज भरवते. खोकते. भरवते.

उद्या देईन.

२९ मार्च

डोळा लागला होता. घर रिकामं. उशाशी गनीभाईंची चिठ्ठी : हाजराला दम लागलाय, छातीचा फोटो काढायला नेतो, पेज झाकून ठेवलीय —

मेसेज टाकला. त्यांचा फोन बटणांचा. मेसेज उघडतच नाहीत —

फोन लावला. उचलला. काय म्हणता टीचरबाई, म्हणाले. माझ्या तोंडातून नुसती घरघर —

टेबल बडवतेय. लिहितेय. ते म्हणतात, काळजी करू नका, नंबर लागला, आतच आहे ती —

मागून फोटो काढणारी पोरगी सांगतेय, चाची, श्वास घ्या. धरून ठेवा. हलू —