लाल पाटी आणि तुझे बाबा

चि. भाचीबाईंस,

मामाचे भरभरून आशीर्वाद. (सगळं जग तुला हल्ली मॅडम म्हणतं, तेव्हा नुसतं ‘ए पोरी’ लिहायला हात धजावला नाही.) तुझी तब्येत बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि वर्तमानपत्रं तू वाचत नसशील, अशी आशा करतो. तुझ्या आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. माझं केस कापायचं दुकान चालू आहे, म्हणजे दार उघडं असतं.

घडलं असं, की चालण्याच्या शर्यतीच्या दिवशी सगळी गल्ली तुझ्या बाबांच्या बेकरीत टीव्हीसमोर जमली होती. आपला गडी सगळ्यांच्या पुढे, आणि मुख्य पंच म्हणून उभी आपलीच मुलगी. एका शर्यतीत दोन-दोन अभिमान, म्हणून बाबांनी (कोणी सांगितलेलं नसताना) झेंड्याच्या रंगांचा भलामोठा केक करून ठेवला होता. आणि शेवटची रेषा समोर दिसत असताना तू आपल्याच गड्यासमोर लाल पाटी धरलीस. दोन्ही पाय एकदम हवेत, म्हणून शर्यतीतून बाद. केक काही परत भट्टीत घालता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनी सुतकी चेहऱ्याने खाल्ला.

तेव्हापासून बाबांनी तुझा फोन घेतलेला नाही, हे तुला मी सांगायला नको. गल्लीचा राग मात्र माझ्यावर निघाला, कारण तू परदेशात, आणि बाबांशी भांडावं तर सकाळचा पाव बंद. उरलो मी. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठायचं, गालाला फेस तसाच ठेवून आरशापासून दारापर्यंत तरातरा चालायचं आणि विचारायचं, “सांगा, कुठे सुटली जमीन?” (सुटलेली असायची. पण अर्धी दाढी बाकी असताना खरं बोलणं धंद्याला परवडत नाही.)

शेवटी बाबांनीच जाहीर केलं, की भरभर चालताना एक पाय जमिनीला टेकलेला ठेवणं यात काही विशेष नाही, ते स्वतः चालून दाखवतील, पाण्याच्या टाकीपासून बेकरीपर्यंत. पंच मी, कारण मी पंचाचा मामा. लाल पाटी नव्हती, दुकानातला लाल टॉवेल होता. मोबाइल दुरुस्तीवाला चित्रण करायला रस्त्यावर पालथा पडला. बाबा निघाले. भावोजींना मी इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांची कंबर अशी हलू शकते याची मला कल्पना नव्हती. शिंप्याच्या दुकानापाशी मला साध्या डोळ्यांनी दिसलं, दोन्ही पाय वर. भाचीबाई, समोर सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि गल्ली माझ्या हाताकडे बघतेय. त्या क्षणी तिकडे तुझं काय झालं असेल ते मला कळलं. टॉवेल मी धरला, पण डोळे मिटून.

बाबा म्हणाले, “तू माझ्या लग्नापासून माझ्यावर जळतोस.” मग मोबाइलवाल्याने चित्रण हळू करून दाखवलं. त्यात बाबा जमिनीपासून चांगले बोटभर वर होते, चेहऱ्यावर ठाम आत्मविश्वास. त्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. “मला तर टेकल्यासारखंच वाटत होतं,” म्हणाले. आणि आणखी एकदा पाहून, “पोरीला हे नुसत्या डोळ्यांनी दिसलं?” असा अभिमान मी त्यांच्या आवाजात केकच्या दिवशीही ऐकला नव्हता.

तू घरी न येता परस्पर पुढच्या स्पर्धेला जाणार, असं आई म्हणाली. तसं करू नकोस. आम्हाला करमत नाही.

तुझा,
मामा

ता. क. हे पत्र मी आपणहून लिहितोय असं तुला वाटलं पाहिजे, अशी बाबांची सक्त ताकीद आहे.

ता. क. २. गल्लीचा राग अजून गेलेला नाही. पण तुझ्याविषयी जो वाकडं बोलेल त्याने आधी टाकीपासून चालून दाखवायचं, मगच पाव न्यायचा, असा बेकरीत नियम झालाय. पावाचा खप निम्म्यावर आलाय आणि बाबा ऐकायला तयार नाहीत.

ता. क. ३. हे अक्षर ओळखशीलच. तुझ्या मामाला मुद्द्याचं कधी लिहिता आलं नाही. विमान कधी उतरतं तेवढं कळव, न्यायला मी येतोय. फोन केलास तर मीच घेईन.