बोलली कौसाले, शिकली ईनबाई

१२ डिसेंबर १९७८, मंगळवार
नव्या साहेबानं आज जिनिंग कारखान्यातल्या रेच्यावरच्या साऱ्या बायाईले लिंबाखाली बसवलं. पुण्याचा हाये. फळा आणला, खडू आणला, फळ्यावर रेचा काढला. म्हणे, कापूस इथून आत जातो, रुई समोरून बाहेर येते, सरकी खाली पडते. आता माह्ये केस काय उन्हानं पांढरे झाले? याच रेच्यावर झाले. मंग त्यानं हात काढला, कापूस कसा सोडावा ते दाखवायले. माह्या बाजूच्या रेच्यावरची कौसा बोलली, "साहेब, आंगठा कुठी गेला?" त्यानं पुसला अन् पुन्हा काढला. रागावला नाई. मानूस वाईट नाई.
कामाची गोष्ट शेवटी सांगतली. नव्या बाया येऊन राह्यल्या. एक जुनी, एक नवी, अशी जोडी. जुनीनं नवीले शिकवायचं. होळीच्या आत नवी एकटी रेचा चालवू लागली त ठेवणार, नाई त घरी.

१३ डिसेंबर
माह्या वाट्याले कोण? माही ईन. माह्या पोरीची, विमलची सासू. साऱ्या हिंगणघाटात दुसरी बाई नव्हती.
मुकादम दात काढून राह्यला. "मावशी, घरचंच मानूस देलं तुमाले." म्हटलं, "घरचं नोहे बापा, पोरीच्या घरचं. लय फरक हाये."
ईन वडनेरची. वावराच्या वाटण्या झाल्या तशी लेकाजवळ राह्यले आली. लग्नात सांगत होती, आमच्या घरच्या बाया कामाले जात नाईत. आता म्हणे, घरी येळ जात नाई म्हणून आली. कापसाच्या धुळीत खोकत येळ मस्त जाते.

१४ डिसेंबर
ईन रेच्यात कापूस टाकते जसे जात्यात दाणे. मूठभर घेतला, मधोमध टाकला, थांबली. पुन्हा मूठभर. जन्मभर दळण दळलं, हाताले तेच ठाऊक. रेचा मधात तुंबते अन् दोन्ही आंगाले उपाशी राह्यते. पातळ पसरवून सोडा लागते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात थांबला नाई पाह्यजे. दुसरी कोणी असती त हातावर चापट देऊन सांगतलं असतं. मी तशीच शिकली.
पण ईनीले कसं बोलू. मी पोरीची माय, ती पोराची माय. लग्नात चार लोकाईसमोर तिचे पाय धुतले मी. अन् विमलले पाचवा महिना लागला, पह्यलं बाळंतपण. माहेरी धाडता का म्हणून दिवाळीत विचारलं त ईन म्हणते, "पाहू." तिच्या 'पाहू'त काय काय मावते ते मले ठाऊक हाये. इथं माह्या तोंडून एक शबद वाकडा गेला का तिथं पोरीच्या ताटात पडते.
दिवसभर गप राह्यली. रेचा घडीघडी तुंबला. फिटर येऊन मलेच बोलून गेला. मले! याचा बाप फिटर होता तवाची मी इथं हावो.

१८ डिसेंबर, सोमवार
सुचलं. लेकी बोले सुने लागे.
ईन माह्या उजव्या हाताले, कौसा डाव्या. ईनीनं मधोमध मूठ टाकली का मी कौसावर खेकसतो. "काऊन वं कौसे, दळण दळून राह्यली का? पसरव!" कौसा बिचारी चांगली पसरवून राह्यली होती. तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग वाकून ईनीकडं पाह्यलं. बेरकी हाये. म्हणते, "चुकलं वं मावशी."
अन् ईनीचा हात पसरला! आपोआप!
संध्याकाळपर्यंत रेचा एकडावही थांबला नाई. फिटरले म्हटलं, "आता ये नं बोलाले."

२० डिसेंबर
कौसा म्हणते, फुकट बोलणी खाणार नाई. जेवणाच्या सुट्टीत लोणच्याची फोड पाह्यजे. मायबापाचं नाव घेतलं त दोन फोडी.
देली. कामाची बाई हाये.

५ जानेवारी १९७९
साहेब मागं येऊन उभा राह्यला, मले समजलं नाई. मी कौसाले झाडून राह्यली होती, "हात हाये का मुसळ?" साहेब म्हणे, "आजी, यांचं काम तर छान चाललंय. मग यांना का बोलता?" ईन इतभर दूर. काय सांगू? म्हटलं, "छानच हाये साहेब. छान राहावं म्हणून बोलतो."
तो विचार करत गेला.

८ जानेवारी
मुकादमानं साहेबाले खरं सांगून टाकलं. वाटलं आता तो चिडते. तर खूष! म्हणे यात नव्या बाईचा अपमान होत नाही, आणि ती शिकतेसुद्धा. आता हरेक ओळीत एक जाड कातडीची बाई नेमा, सगळी बोलणी तिनं ऐकून घ्यायची.
वाटलं कोणी तयार होईन का. तर बाया भांडल्या त्या जागेसाठी! लोणच्याची गोष्ट साऱ्या कारखान्यात गेलती. आता कुठी गुळाचा खडा चालू, कुठी ठेचा. कारखान्यात दिवसभर शिव्याच शिव्या, अन् कोणालेच राग नाई. अशी शांती मी कधी पाह्यली नव्हती.

१४ जानेवारी, संक्रांत
विमलच्या घरी गेली. ईनीनं तिळगूळ देला. गोड बोला म्हणे. म्हटलं बोलतो.
विमल सासूले मामीजी म्हणते. सयपाकघरात हळूच विचारते, "माय, ते कौसा एवढं खराब काम करते का वं? मामीजी रोज सांगते. म्हणते, त्या बाईले काईच येत नाई, तुह्यी माय बोलून बोलून थकते."
आता ईन भोळी हाये का मले भोळी समजते? चेहऱ्यावरून काई समजत नाई. नुसता भोपळा.

२९ जानेवारी
समजलं.
आज ईन माह्या डोक्यावरून कौसाले म्हणते, "कौसाबाई, तुमच्या रेच्यात डाव्या आंगाले कापूस कमी पडून राह्यला." कौसाचा रेचा काठोकाठ बरोबर. मी माह्या रेच्यात पाह्यलं. डावं आंग उपाशी.
माहा डावा खांदा धरते. किती वर्षांपासून धरते, अन् किती वर्षांपासून डावीकडं कमी पडते, कोणाच्या बापाले दिसलं नाई. हिले दिसलं. डिसेंबरात आलेल्या बाईले.
कौसा म्हणे, "चुकलं वं ईनबाई." मंग माह्याकडं वळून, "आता दोन्हीकडून फोड लागन."
संध्याकाळपासून चीड येऊन राह्यली. बरोबर बोलली याची जास्त.

७ फेब्रुवारी
ईनीचं नवं सोंग. कापसाचा ढीग आपला भुईवर राह्यते, वाकायचं, उचलायचं, सोडायचं. आमाले कमरेचा त्रास नाई असं थोडंच, पण रीत हाये. हिनं दोन टोपले पालथे घातले, त्याच्यावर तिसरं भरून ठेवलं. वाकाचं कामच नाई. उभ्या उभ्या कापूस सोडून राह्यली, जशी देवाले फुलं वाहते.
मी कौसाले झाडलं, "काऊन वं, महाराणी झाली का? वाकाले जड जाते?" कौसा म्हणे, "हो वं मावशी, जातेच जड," अन् गेली अन् आपल्यासाठी टोपले घेऊन आली! हे काय बोलणी खाणं झालं?

१० फेब्रुवारी
साऱ्या ओळीत टोपले. सरकी वाहणाऱ्या गड्याईले टोपले भेटेना. ते मुकादमाकडं ओरडत गेले. साहेबानं सुताराले सांगून लाकडाचे ठोकळे करायले लावले. फळ्यावर ईनीचं नाव लिहिलं. ईन फळ्याकडं पाहून म्हणे, "आमच्या घरच्या बायाईचं नाव असं चव्हाट्यावर लिहत नाईत." पण 'पुसा' काई म्हणली नाई.
मी टोपलं घेतलं नाई. पुरी ओळ उभी अन् मी एकटी वाकून राह्यली, जशी शेंगा वेचून राह्यली.

१३ फेब्रु.
बाया जेवाले गेल्यावर ठोकळा लावून पाह्यला. बरं वाटते.
लावूनच ठेवला. कोणी काई बोललं नाई. बोलावं लागत होतं त कौसाले बोलल्या असत्या.

२० फेब्रुवारी
आज देवानं वाचवलं.
कौसाचा पदर सुटून रेचा फिरवणाऱ्या पट्ट्याकडं गेला. मी ओरडली, "कौसे, पदर! पदर खोच!" कौसा हसली. "चुकलं वं मावशी." अन् पदर तसाच. तिकडं ईनीनं आपला पदर खोचला, जो आधीच खोचला होता. मी पुन्हा ओरडली, आईबाप काढले. कौसा म्हणे, "दोन फोडी."
तेवढ्यात पट्ट्यानं पदर धरला.
मी तिची कंबर धरली. ईन झेप घेऊन आली, कौसाची गाठ सोडली अन् कौसाले भवऱ्यावानी फिरवून लुगड्यातून बाहेर काढलं. लुगडं गेलं वर, पट्ट्यासंगं गरगर फिरत. फिटरनं इंजिन बंद केलं. मुकादमानं भिंतीकडं तोंड केलं, तेवढी अक्कल त्याले हाये. कौसाले बारदाना गुंडाळला.
मंग मलेच म्हणते, "दोन महिने मले बोलली, पण मले एकडावही बोलली नव्हती. आज खरंच बोलली त मले कसं समजन?"
घरून माहं लुगडं आणून देलं. जुनंच देलं.

२१ फेब्रुवारी
साहेब पांढराफटक. साऱ्याईले लिंबाखाली बसवलं. फळा नाई आणला. म्हणे, "ती पद्धत आजपासून बंद. चूक माझी होती. यापुढे जिची चूक, तिचंच नाव, तोंडावर. सासू असो, विहीण असो, मी असो."
कौसा उठून म्हणे, "साहेब, तुमी पट्ट्याजवळ बाह्या मोकळ्या सोडून फिरता." साहेबानं तिथंच बाह्या मुडपल्या.
त्याले काय, बाह्याच मुडपायच्या होत्या. ईनीची परीक्षा पुढच्या शनवारी. मी बाजूले उभं राहून सांगायचं, येते का नाई ते.

३ मार्च, शनवार
झाली परीक्षा.
साहेब, मुकादम, फिटर, सारे उभे. ईनीचा हात दोन महिन्यांपासून लोण्यासारखा चालत होता. पण एवढे डोळे पाह्यले अन् बाई पुन्हा जात्यावर जाऊन बसली! मूठभर मधोमध, थांब. मूठभर मधोमध, थांब. रेच्याचा आवाज जड झाला.
मी कौसाकडं पाह्यलं. कौसा तोंड फिरवून उभी. ती आता कोणाची बोलणी खात नाई.
गप राह्यली असती त रेचा तुंबला असता, ईन घरी बसली असती, अन् त्याचं खापर विमलच्या डोक्यावर फुटलं असतं. बोलली त तेच. दोन्हीकडून मरण, मंग रेचा काऊन तुंबू द्यायचा?
म्हटलं, "ईनबाई, जातं नोहे ते. पसरवा."
तोंडावर. पुऱ्या ओळीसमोर. पोरीच्या मायनं.
ईनीचा हात हवेत थांबला. माह्याकडं असं पाह्यलं जसं लग्नात मानाचं लुगडं हलकं निंघालं तवा पाह्यलं होतं. मंग पसरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पातळ. रेचा मोकळा झाला.
साहेबानं मले विचारलं, "येतं यांना?" म्हटलं, "येते. माह्याहून बरं येते." हेही तोंडावरच.
पास. ईन पदर झटकून सरळ घरी गेली.

६ मार्च
ईन येते, काम करते, जाते. माह्याकडं पाहत नाई. कौसाले विचारलं त म्हणे, "मावशी, आता तुमचं तुमी पाहा."
विमलचा निरोप आला, "माय, काय बोलली वं तू? मामीजी शनवारी जेवल्याच नाई." पुढच्या आठवड्यात विमलले आठवा महिना लागते. आठव्यात पोटुशीले घरातून हालवत नाईत. म्हणजे हाच आठवडा.

९ मार्च
आज रेचा थांबायची वाट नाई पाह्यली. ईनीच्या समोर जाऊन उभी राह्यली. "ईनबाई, विमलले धाडता का नाई? हो का नाई, तेवढं सांगा."
ईन कापूस पसरवत राह्यली. म्हणे, "रेच्यासमोरून सरका, ईनबाई. उजेड आडतो."
सरकली. बरोबरच होतं, उजेड आडत होता.

११ मार्च, इतवार
सुट्टी. माळ्यावरची जुनी बाज काढली, धुतली, सुतळी कसली. कोणासाठी म्हणून सुनेनं विचारलं. म्हटलं, मले झोपाले.
दोपारी ईन आली. एकटी, न सांगता. येऊन वट्ट्यावर बसली. सुनेनं चहा देला. पोराची माय पोरीच्या मायच्या घरी अशी येत नाई, निरोप धाडते. मी विमलचं नाव काढलं नाई. आता तिची पाळी हाये. पह्यले जे बोलन ते हारन.
म्हणून आत येऊन हे लिहून राह्यली. दारातून दिसते. चहा संपला. बाजेकडं पाहून राह्यली. उठली. बाजेवर हात दाबून पाह्यला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आवाज देऊन राह्यली.
"ईनबाई, मधात ढिल्ली हाये हे. पोटुशीले चालत नाई, सुतळी कसा लागन."
जातो.